टाकीत डाळ, मागे दाणा

जुना हार्वेस्टर विकणारा माणूस आधी इंजिन चालू करून दाखवतो. मग टायर दाखवतो, मग कटर बार, मग नुकताच मारलेला रंग. ड्रमचं झाकण तो उघडत नाही आणि घेणाराही ‘उघडा’ म्हणत नाही. आम्हीही म्हटलं नाही. पंजाबात पतियाळा जिल्ह्यात नाभा आणि भादसोंच्या आसपास हार्वेस्टरचे कारखाने आहेत आणि जुन्या यंत्रांची खरेदी-विक्रीही चालते. तिथून मी आणि माझ्या चुलतभावाने 14 फुटी यंत्र नव्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत उचललं आणि लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी आणलं. इंजिनाचा आवाज ऐकूनच भावाने सौदा पक्का केला होता. त्या इंजिनाबद्दल आजही तक्रार नाही. लोकांच्या राशीचं जे नुकसान झालं ते ड्रमपाशी झालं, आणि त्या ड्रमला चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी हात घालत राहिलो तो मी.

आमच्या भागात दर हंगामाला अशी जुनी यंत्रं येतात. ती घेणारी पोरं कर्ज काढून घेतात, दसरा-दिवाळीच्या तोंडावर रानात उतरवतात आणि मी केलेल्या चुका पहिल्यापासून करायला लागतात. म्हणून हे लिहितोय.

ज्यांनी हार्वेस्टर बांधावरूनच पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कापलेलं पीक साखळीच्या एलिव्हेटरवरून वर चढतं आणि ड्रमच्या तोंडात पडतं. ड्रम म्हणजे साधारण 60 सेंटिमीटर व्यासाचा, सव्वा मीटर रुंदीचा आडवा सिलिंडर. त्यावर खाचा पाडलेल्या लोखंडी पट्ट्या बसवलेल्या असतात. धानासाठी पट्ट्यांऐवजी दात्यांचा ड्रम वापरतात. ड्रमच्या पोटाखाली कमानीसारखी वळवलेली जाळी असते, तिला कॉन्केव्ह म्हणतात. आडव्या पट्ट्या आणि त्यांतून ओवलेल्या जाड तारा, अशी तिची बांधणी. ड्रम आणि जाळी यांच्या फटीतून पीक ओढलं जातं, शेंग घासली जाऊन फुटते आणि बहुतेक दाणा तिथेच जाळीतून खाली पडतो. ही फट पीक शिरतं तिथे रुंद असते आणि मागे अरुंद होत जाते. काड पुढे वॉकरवर जातं, वॉकर ते झटकून उरलासुरला दाणा गाळतात. हे सगळं चाळण्यांवर येतं, खालून पंख्याचा वारा लागतो, भुसकट मागे उडतं, दाणा टाकीत जातो. न फुटलेल्या शेंगा मात्र परतीच्या एलिव्हेटरने पुन्हा ड्रमकडे पाठवल्या जातात. हा परतीचा रस्ता लक्षात ठेवा. माझ्या बऱ्याच चुका तिथेच दडून बसल्या होत्या.

पहिल्या हंगामात आम्ही उस्ताद ठेवला नाही. पंजाबहून चालक आणायचा तर त्याचा पगार आला, हेल्पर आला, दोघांचं खाणंपिणं आलं. भावाला ट्रॅक्टर, टिप्पर, जेसीबी सगळं चालवता येत होतं. हार्वेस्टरही त्याने दोन दिवसांत ताब्यात घेतला. पिकाप्रमाणे ड्रम आणि जाळी लावायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बारावी सायन्स होतो आणि माझ्याकडे पुस्तिकेची झेरॉक्स होती. झेरॉक्समध्ये सोयाबीनसाठी ड्रमच्या मिनिटाला पाचशेच्या आसपास फेऱ्या सांगितल्या होत्या. यंत्रावरच्या काट्याने बरोबर 500 दाखवलं. मी समाधानाने खाली उतरलो.

पहिलं रान गावातल्या एका आबांचं. टाकी निम्मी भरल्यावर वर चढून पाहिलं तर चांगल्या दाण्याच्या बरोबरीने डाळ. दाणा मधोमध चिरलेला, टरफल वेगळं, खाली पिवळा चुरा. आबांनी ओंजळ भरून घेतली, फुंकर मारली आणि म्हणाले, “अरे बाबा, मला रास मोंढ्यात न्यायची आहे, डाळमिलवर नाही.”

डाळ होते म्हणजे ड्रमचा मार जास्त बसतोय, इतकं मला कळलं. निदान बरोबर होतं, औषध चुकलं. ड्रमचा वेग कमी-जास्त करायला व्हेरिएटर असतो. त्यात पुलीच्या दोन बाजू जवळ-लांब होतात आणि त्यावरच्या बेल्टचा घेर बदलतो. आमचा व्हेरिएटर गंजून जाम झाला होता. तो सोडवायचा तर अर्धा दिवस जाणार आणि आभाळ भरून आलेलं. मी भावाला म्हणालो, रेस कमी कर. त्याने केली. ड्रमचा आवाज उतरला, टाकीतली डाळ कमी झाली, आबा खूष झाले. मीही खूष झालो आणि पुढची दोन-तीन रानं तशीच काढली.

आता सांगतो काय झालं ते. यंत्रातला प्रत्येक भाग त्याच एका इंजिनावर फिरतो. रेस कमी केली की ड्रमबरोबर वॉकरही मंद होतात, चाळण्याही आणि पंखाही. वॉकरने काड उसळायला हवं, ते नुसतं सरकायला लागतं आणि दाणा काडात बसून मागून बाहेर जातो. पंख्याचा वारा कमी पडला की चाळणीवर भुसकटाचा थर साचतो आणि त्या थरावरून दाणा घसरत बाहेर जातो. म्हणून रानात इंजिन कायम पूर्ण गतीवर ठेवायचं आणि ड्रमचा वेग व्हेरिएटरनेच बदलायचा. हे पुस्तिकेच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. माझ्या झेरॉक्समध्ये पहिली पानं नव्हती.

परतीचा पाऊस झाला आणि आठवड्याभरात आबांच्या रानात सोयाबीनचे हिरवेगार पट्टे उगवून आले. यंत्र जिथून जिथून गेलं होतं तिथून तिथून, अगदी वळणासकट. रान रस्त्याकडेला होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला न विचारता कळत होतं की हे कुणाचं काम. आबांना हरभऱ्यासाठी रान पुन्हा वखरावं लागलं. त्या वखरणीचे पैसे मी देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत, पण नंतर आम्हाला बोलावलंही नाही.

त्या पट्ट्यांनी माझी इतकी धास्ती वाढवली की पुढच्या रानापासून मी यंत्राच्या मागे दाणे मोजत फिरायला लागलो. मोजायची कल्पना चांगली होती, मोजणी चुकीची होती. एक मीटर बाय एक मीटरची दोरीची चौकट केली, यंत्राच्या मागे पडलेल्या काडाखाली टाकली, दाणे मोजले: दोनशेच्या आसपास. सोयाबीनच्या 100 दाण्यांचं वजन 12 ग्रॅम धरलं तर चौरस मीटरला 100 दाणे म्हणजे एकरी सुमारे 49 किलो. म्हणजे आपण एकरी क्विंटलभर सोयाबीन मातीत घालतोय! मला घाम फुटला. घाईघाईने पंख्याचा वारा कमी केला, वरची चाळणी सताड उघडली. मागची गळती जरा कमी दिसली, पण टाकीत काडी-कचरा आला, न फुटलेल्या शेंगा आल्या आणि त्या शेतकऱ्याच्या पोत्यांना मोंढ्यात दर कमी लागला.

माझा हिशेब कुठे चुकला, ते मला पुढच्या वर्षी कळलं. यंत्र कापतं सव्वाचार मीटर रुंदीचं पीक, आणि काड टाकतं सव्वा मीटरच्या पट्ट्यात. सव्वाचार मीटरमधली गळती सव्वा मीटरमध्ये जमा झालेली असते. त्यामुळे पट्ट्यातला आकडा जवळपास साडेतीनाने भागायला हवा. दोनशेचे साठ होतात आणि क्विंटलभराचे तीस किलोही राहत नाहीत. त्यातही सगळा दोष मळणीचा नसतो. चालू यंत्र थांबवून दहा-बारा फूट मागे घ्या. उभ्या पिकात खाली पडलेला दाणा आधीच तडकून गळालेला असतो. कापलेल्या पण काड न पडलेल्या जागेतून तो वजा केला की कटरने आणि पीक त्याच्याकडे ओढणाऱ्या रीलने पाडलेला कळतो. काडाखालचा उरतो तो ड्रम, वॉकर आणि चाळण्यांचा. सोयाबीनमध्ये बहुतेक नुकसान पुढे कटरपाशीच होतं. रील जोरात फिरली किंवा पाती बोथट असली की शेंगा तिथेच फुटतात. मी मात्र महिनाभर मागच्या चाळणीशी भांडत होतो.

आणि डाळ काही थांबत नव्हती. व्हेरिएटर सोडवला होता, इंजिन पूर्ण गतीवर होतं, काटा 450 दाखवत होता, तरी टाकीत डाळ. मी जाळीचा दांडा ओढून फट वाढवली. डाळ थोडी कमी झाली, पण अख्ख्या शेंगा दिसायला लागल्या. फट कमी केली, शेंगा कमी झाल्या, डाळ वाढली. मधल्या खाचेवर दांडा ठेवला तर दोन्ही एकदम: डाळही आणि अख्ख्या शेंगाही. पुस्तिकेत दोन वेगळे रकाने होते, ‘दाणा फुटत असल्यास’ आणि ‘शेंगा राहत असल्यास’. दोन्ही एकाच टाकीत आल्यास काय करायचं, तो रकाना नव्हता. मी ठरवून टाकलं की सोयाबीनच तसं आहे. कुठे हिरवं, कुठे वाळलेलं, यंत्र काय करणार? शेतकऱ्यांनाही हेच सांगायला लागलो. माझी सगळ्यात वाईट चूक कोणती असं विचारलं तर मी हीच सांगेन. बाकीच्या चुका अज्ञानाच्या होत्या, ही मी दुसऱ्याच्या पिकावर ढकलली होती.

शेजारच्या गावात पंजाबचं एक यंत्र उतरलं होतं. त्याचा उस्ताद साठीचा, पांढऱ्या दाढीचा. डिझेल भरताना ओळख झाली आणि त्याच्या यंत्राची चेन तुटून काम बंद पडलं त्या दिवशी तो आमच्या रानात आला. मी दांड्याची खाच दाखवायला लागलो तर त्याने तिकडे पाहिलंही नाही. भावाला त्याने यंत्र भरल्या पिकात पूर्ण गतीने घालायला सांगितलं आणि मध्येच हात वर करून एकदम बंद करायला लावलं. यंत्र जिथल्या तिथे थांबलं. मग इग्निशनची किल्ली काढून त्याने स्वतःच्या खिशात टाकली. इंजिन बंद झालं तरी ड्रम बराच वेळ फिरत राहतो. तो थांबेपर्यंत उस्ताद शांतपणे बिडी ओढत बसला. आम्ही त्याआधी अशा वेळी झाकण उघडून हात घालत होतो. आमची बोटं शाबूत आहेत, याचं श्रेय आम्हाला नाही.

सगळ्यात आधी त्याने परतीच्या एलिव्हेटरचं खालचं झाकण काढलं. त्यातून निघालेल्या मूठभर मालात शेंगा असायला हव्या होत्या. निम्म्याहून जास्त स्वच्छ, सुटा दाणा होता आणि बरीच डाळ. “ये देखो,” तो म्हणाला, “दाना दो-दो बार पिट रहा है.” एकदा सुटलेला चांगला दाणा पुन्हा ड्रममध्ये जाऊन मार खात होता. खालची चाळणी मी जास्त बंद केली होती. दाण्याला टाकीत जायला वाट नव्हती, म्हणून तो परतीच्या रस्त्याला लागत होता. डाळ ड्रममध्ये होत होती खरी, पण ती करवून घेत होती चाळणी.

मग ड्रमच्या बाजूची झाकणं. हाताने ड्रम फिरवून त्याने सगळ्यात उंच पट्टी शोधली आणि जाड पत्र्याच्या तुकड्यांनी पट्टी आणि जाळीमधली फट मापली, पुढे आणि मागे, डावीकडे आणि उजवीकडे. दांड्याची खाच सांगत होती त्याच्याशी एकही माप जुळलं नाही. त्याहून वाईट म्हणजे डाव्या बाजूची फट उजवीपेक्षा चांगली अर्ध्या बोटाने कमी होती. जाळी उचलणाऱ्या सळईचं एका बाजूचं बुश झिजून गेलं होतं आणि जाळी तिरकी लटकत होती. डावीकडून जाणारं पीक भरडलं जात होतं, उजवीकडचं नुसतं चाटून जात होतं. डाळ आणि अख्ख्या शेंगा एकाच टाकीत का, याचं उत्तर इतकं साधं होतं. मी दांडा मागे-पुढे करत होतो तेव्हा फक्त कोणत्या बाजूने किती नुकसान करायचं ते ठरवत होतो.

जाळीच्या ताराही त्याने पाहिल्या. गव्हासाठी तारा जवळजवळ असतात. सोयाबीनचा दाणा मोठा, तो त्या फटीतून पटकन खाली जात नाही, जाळीवर रेंगाळतो आणि पुढच्या पट्टीचा मार खातो. सोयाबीन-हरभऱ्यासाठी एकाआड एक तार काढायची असते. त्याने तारा ओढून काढल्या, जुडी बांधली आणि माझ्या हातात दिली. गव्हाच्या वेळी परत घालायच्या, हेही बजावलं. ती जुडी मी सीटमागे ठेवली आणि फेब्रुवारीत गहू आला तेव्हा साफ विसरलो. पहिल्याच रानात कोंड्यासकट दाणे आणि ओंबीचे तुकडे टाकीत पडले. मी फट आवळली, वेग वाढवला, काडाचा पार भुगा झाला आणि त्या भुग्याने चाळण्या भरून गव्हाचा दाणा मागून जायला लागला. मागचं नुकसान पाहून मी पुन्हा पंख्याकडे धावणार होतो. भावाने सीटमागे पाना शोधताना जुडी बाहेर काढली, म्हणून थांबलो.

वेगाचा घोळ त्यानंतरही राहिला होता. उस्तादाने जाताना सांगितलं होतं की ड्रमचा आवाज त्याला काट्यापेक्षा जास्त वाटतोय. मी हाताने धरायचा डिजिटल टॅकोमीटर घेतला. पुलीवर चमकीच्या पट्टीचा तुकडा चिकटवायचा, प्रकाश टाकायचा, आकडा वाचायचा, एवढंच काम. काटा 500 दाखवत असताना ड्रम 690 वर फिरत होता. आधीच्या कुणा मालकाने पुली बदलली होती आणि काटा मात्र जुन्या पुलीच्या हिशेबाने बोलत होता. 60 सेंटिमीटर व्यासाच्या ड्रमवर 690 फेऱ्या म्हणजे पट्टीची कड ताशी 78 किलोमीटर वेगाने दाण्यावर आदळते. 500 फेऱ्यांवर हाच वेग 57 च्या आत असतो. आणि आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे माझ्या ग्राहकांच्या दाण्याला पुस्तिकेच्या जवळजवळ दुप्पट मार बसत होता. बारावी सायन्सला हे सूत्र मी पाठ केलं होतं.

आता एक महागडी चूक थोडक्यात. ड्रमवरची एक पट्टी चिरली म्हणून मी तेवढी एकच नवी आणून बसवली. पट्ट्या डाव्या-उजव्या खाचांच्या असतात, एकाआड एक येतात. ते मी सांभाळलं, पण नवी पट्टी झिजलेल्या पट्टीपेक्षा जड असते हे लक्षात घेतलं नाही. बदलायची तर समोरासमोरची जोडी बदलावी लागते, शक्यतो वजन करून. एकीकडे जड झालेला ड्रम थरथरायला लागला. मला वाटलं, जुनं यंत्र आहे, थरथरणारच. भर हंगामात बेअरिंग गेलं आणि शाफ्टही खराब झाला. वर पट्टीला मी बाजारातले साधे बोल्ट लावले होते. ड्रमचे बोल्ट जास्त ताकदीचे असतात. त्यातला एक जरी निसटला तर तो कुठे जाईल याचा नेम नाही. मेकॅनिकने ते बोल्ट माझ्यापुढे टाकले आणि काही बोलला नाही.

याहून जड गोष्ट पहिल्या हंगामातलीच आहे. माझ्या यंत्राने काढलेल्या सोयाबीनमधून एका शेतकऱ्याने घरचं बियाणं ठेवलं होतं. ते रान दुपारच्या कडक उन्हात काढलं होतं, शेंगा तडतडत होत्या, ओलावा खूपच उतरला असणार. रेस कमी केलेले ते दिवस. टाकीत डाळ फारशी नव्हती, दाणा गोल, पिवळा, स्वच्छ दिसत होता. त्याने चांगली पोती बाजूला काढली. जूनमध्ये पेरलं आणि रानात निम्मीही उगवण झाली नाही. पाऊस वेळेवर होता, खोली बरोबर होती. त्याने नशिबाला दोष दिला, दुकानातून बॅगा आणून दुबार पेरणी केली. मी त्या वेळी त्याच्या बांधावर उभा होतो आणि मलाही कळलं नव्हतं की दोष माझा आहे.

सोयाबीनचं टरफल फार पातळ असतं आणि अंकुर त्या टरफलाच्या अगदी खाली, कडेला असतो. दाणा फुटला तर दिसतो. पण नुसता मार बसून टरफलाला बारीक चीर गेली किंवा अंकुर दुखावला तर डोळ्यांना काही दिसत नाही. मोंढ्यात तो दाणा चांगला, तेलाला चांगला, पेरायला निकामी. प्रमाणित सोयाबीन बियाण्याला किमान 70 टक्के उगवण लागते. मार खाल्लेलं बियाणं त्याच्या कितीतरी खाली जाऊ शकतं. बियाण्याच्या मळणीसाठी कृषी विभाग सांगतो की ओलावा 14 टक्के असेल तर मिनिटाला 400 ते 500 फेरे ठेवा आणि 13 टक्के असेल तर 300 ते 400. दाणा जितका वाळलेला तितका ठिसूळ, म्हणून वाळलेल्याला वेग कमी. मी उलटं समजत होतो. वाळलेलं सोयाबीन म्हणजे सोपं काम, घाला पुढे.

आता रानात पहिली फेरी मारली की मी ओंजळभर दाणे घेऊन पाण्यात थोडं ब्लीच टाकून पाच-दहा मिनिटं भिजवतो. टरफल चिरलेले दाणे तेवढ्यात टम्म फुगतात, धड असलेले तसेच राहतात. शंभर दाण्यांत किती फुगले ते मोजलं की ड्रम काय करतोय ते कळतं. दिवसातून तीनदा तरी लावणी बदलावी लागते. सकाळी दवाने शेंग वातड असते, तिला जरा फट कमी हवी. अकराच्या पुढे तीच शेंग बोटाने दाबली तरी फुटते, तेव्हा वेग उतरवायचा. दिवस मावळताना पुन्हा सकाळसारखं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची: आधी वेग, मग फट, मग चाळण्या, मग वारा. चारही एकदम फिरवले तर सुधारलं कशाने आणि बिघडलं कशाने, कळायला मार्ग उरत नाही. भावाला हे वेळखाऊ वाटतं. एकरी दराने काम करणाऱ्याला थांबून पाहणं परवडत नाही असं तो म्हणतो, आणि हिशेबाने तो खोटा नाही. आमची रानं दिवसाला कमीच होतात.

दुबार पेरणी केलेल्या त्या शेतकऱ्याला मी दुसऱ्या वर्षी जाऊन सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग आधी का नाही सांगितलं?” मला आधी माहीत नव्हतं, हे उत्तर खरं होतं, पण त्याच्या बॅगांचे पैसे त्याने भरून झाले होते. त्या पैशांची निम्मी भरपाई मी केली. त्याला ती कमी वाटली, आणि ती कमीच होती.

पुली आता मूळ मापाची बसवली आहे, दोन्ही बाजूंची बुशं बदलली आहेत, काटा काढून टाकला आहे. तरी आमचा ड्रम पूर्ण गतीच्या इंजिनावर 420 च्या खाली येत नाही. त्यामुळे ज्यांनी बियाण्यासाठी तुकडा राखला असेल त्यांनी तेवढ्यासाठी मला बोलावू नये. तो हाताने कापा, वाळवा आणि थ्रेशरवाल्याला फेरे कमी करायला लावून समोर उभं राहून रास करा. पेरण्याआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात घालून उगवण पाहा. बाकीच्या रानासाठी हार्वेस्टर लावा, माझा किंवा दुसऱ्या कुणाचा. पण पहिली फेरी झाली की यंत्र थांबवायला सांगा, टाकीवर स्वतः चढा, आणि खाली उतरल्यावर परतीच्या एलिव्हेटरचं झाकण उघडून दाखवायला सांगा. चालक कुरकुर करेल. करू द्या, माल तुमचा आहे.